गाळाखालचे मोहेंजोदडो: पूरमैदान आणि वसाहत यांचा एक प्रकरण अभ्यास

सिंध प्रांतातील लारकाना जिल्ह्यात, सिंधूच्या आजच्या पात्राच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर, मोहेंजोदडोची टेकाडे उभी आहेत. कुषाणकालीन मानला जाणारा स्तूप ज्याच्या माथ्यावर आहे, ते पश्चिमेकडचे टेकाड भोवतालच्या शेतांपेक्षा सुमारे १२ मीटर उंच आहे. १९६४-६५ च्या हंगामात अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी इथे जमिनीत बोअर घेतले, तेव्हा वस्तीचे अवशेष मैदानाच्या पातळीखालीही जवळपास १२ मीटर खोलीपर्यंत मिळत गेले. जेवढे शहर डोळ्यांना दिसते, जवळजवळ तेवढीच जाडी जमिनीखाली आहे. पाया खणताना किंवा खड्डे बुजवताना खोल गेलेला राडारोडा यातून वजा केला, तरी एक गोष्ट उरतेच: शहर वसले तेव्हाचे मैदान आजच्या मैदानाच्या कितीतरी मीटर खाली होते.

या प्रकरणात मला एकच गोष्ट तपासायची आहे. मोहेंजोदडोला पुराने बुडवले की नाही, यावर बरेच लिहिले गेले आहे. त्या मानाने सिंधूच्या पूरमैदानाने या शहराविषयी आपल्याला काय कळू दिले आणि काय कळू दिले नाही, याकडे कमी लक्ष गेले आहे. मला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण सिंधू संस्कृतीच्या आरंभाविषयीची आपली बरीच अनिश्चितता थेट या गाळाशी जोडलेली आहे.

नदी मैदान कसे उंचावते

सक्करजवळ चुनखडीच्या टेकड्यांमधून बाहेर पडल्यावर सिंधूला समुद्रापर्यंत फार थोडा उतार मिळतो, किलोमीटरमागे साधारण दहा सेंटिमीटरच्या आसपास. हिमालय आणि काराकोरममधून आणलेला गाळ एवढ्या सपाटीवर वाहून नेणे नदीला झेपत नाही. धरणे आणि बंधारे होण्यापूर्वी ही नदी वर्षाला अंदाजे २५ कोटी टन गाळ त्रिभुज प्रदेशापर्यंत पोचवत होती, आणि वाटेत पसरणारा गाळ याखेरीज होता.

उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचे पाणी आणि मागोमाग मोसमी पाऊस असा दुहेरी पूर येतो. पाणी काठ ओलांडते त्या क्षणी त्याचा वेग मंदावतो. जाड वाळू काठालगतच पडते आणि बारीक चिकण माती दूरच्या खोलगट भागात जाऊन बसते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की काठ उंच होतात, त्यांना भूगोलाच्या पुस्तकांत पूरतट म्हणतात, आणि त्यांच्यामध्ये नदीचा तळही उंचावतो. सिंधमध्ये सिंधू आजूबाजूच्या मैदानापेक्षा उंच अशा एका रुंद कण्यावरून वाहते ती यामुळेच. ही स्थिती फार काळ टिकणारी नसते. एखाद्या मोठ्या पुरात काठ फुटतो, पाणी सखल बाजूला धावते आणि परत जुन्या पात्रात येतच नाही. नदी वाट बदलते. सोडून दिलेले पात्र काही शतके लांबट तळ्यांच्या रूपाने दिसते, मग त्यातही गाळ भरतो आणि त्यावर शेते उभी राहतात.

हवाई छायाचित्रांतून अशा जुन्या पात्रांच्या खुणा वाचून पुरातत्त्वज्ञ लुई फ्लॅम यांनी कांस्ययुगीन सिंधूचा मार्ग पुन्हा मांडण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मांडणीनुसार त्या काळी मुख्य नदी मोहेंजोदडोच्या पश्चिमेकडून वाहत होती आणि पूर्वेला नारा ही दुसरी मोठी वाहिनी होती. शहर या दोहोंच्या मधल्या मैदानात होते. आज पर्यटक स्तूपाजवळ उभे राहून पूर्वेकडे नदी पाहतात आणि शहर तिच्या काठी वसले होते असे सहज धरून चालतात. शहर आणि नदी यांचे आजचे नाते बरेच अलीकडचे आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

गाळ साचण्याचा वेग काढताना एक सावधगिरी बाळगावी लागते. साडेचार हजार वर्षांत मैदान १० मीटर उंचावले असे धरले, तर वर्षाला सरासरी दोन मिलिमीटरच्या थोडे वर इतका थर बसतो. ही सरासरी मात्र फसवी आहे. नदी जवळ असते तेव्हा एकाच पुरात वीतभर माती बसू शकते. ती दूर गेली की त्याच जागी पिढ्यान्‌पिढ्या काहीच साचत नाही, उलट वाऱ्याने थोडी माती उडूनही जाते. म्हणून गाळाच्या जाडीवरून काळ मोजण्याचा मोह इथे आवरता घेतलेला बरा.

चढत गेलेले शहर

मोहेंजोदडोचे रहिवासी या मैदानाशी कसे वागले, हे तिथल्या विहिरींवरून सर्वांत स्पष्ट दिसते. जर्मन वास्तुतज्ज्ञ मिखाएल यान्सेन यांनी शहरात सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात असा अंदाज केला आहे. विहिरीसाठी पाचरीच्या आकाराच्या खास विटा पाडल्या जात, म्हणजे त्या गोलाकार रचल्या की आतल्या बाजूने घट्ट बसत आणि भोवतालच्या मातीच्या दाबाने अधिकच आवळल्या जात. घराची जमीन वर आली की विहिरीच्या कठड्यावर विटांचे नवे थर चढवले जात. जमीन आणखी वर आली की आणखी थर. उत्खननात भोवतालची माती उपसून टाकल्यावर या विहिरी आता एखाद्या गिरणीच्या धुराड्यासारख्या मोकळ्या आकाशात उभ्या आहेत. काही कठड्यांच्या विटांवर दोर घासून पडलेल्या खाचा दिसतात. जिथे खाचा आहेत ती पातळी कधीकाळी हाताशी होती, तिथे उभे राहून कोणीतरी पाणी ओढत होते. विहीर ही इथे शहराच्या चढत्या पातळीची मोजपट्टीच झाली आहे.

हीच गोष्ट उंबरे, जिने आणि गटारे यांची. १९२७ ते १९३१ या काळात अर्नेस्ट मॅके यांनी केलेल्या उत्खननात बुजवलेली दारे, उंच केलेले उंबरे आणि जुन्या गटारांवर बांधलेली नवी गटारे ठिकठिकाणी सापडली. भोवतालचे मैदान उंचावले की सांडपाण्याला उतार मिळेनासा होतो. मग गटार उचलणे भाग पडते, आणि गटार उचलले की घराची जमीनही उचलावी लागते. अर्थात, पातळी वर जाण्यात पडक्या घरांचा मलबा, केरकचरा आणि मुद्दाम टाकलेली भर यांचाही मोठा वाटा असतो. दीर्घकाळ वसलेले कुठलेही गाव असे वर चढते. त्यामुळे प्रत्येक उंच उंबऱ्यामागे पूर शोधणे बरोबर नाही. लक्षणीय वाटते ते हे, की इतके वेळा उचलूनही शहराचा आराखडा फारसा बदलला नाही. नव्या भिंती जुन्या भिंतींच्या माथ्यावरूनच उठल्या आणि खालच्या शहरातील मुख्य रस्त्यांनी आपली रेघ सोडली नाही.

शहराखाली कच्च्या विटांचे आणि मातीचे प्रचंड ओटे आहेत, आणि ते बांधण्यामागे पुरापासून बचाव हा एक हेतू असावा, हे मत आता बऱ्यापैकी रुळले आहे. यान्सेन यांच्या मते शहराचे मोठे भाग आधी ओटे घालून मगच वसवले गेले. हे खरे असेल, तर मोहेंजोदडोची उंची हळूहळू साचलेली नसून तिचा पहिला टप्पा एका ठरावाने, मोठ्या मनुष्यबळाने उभा राहिलेला आहे. पूरमैदानाने शहराचा आकार ठरवला असे म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर हे ओटे असतात.

खाली पाणी, वर गाळ

या स्थळाच्या संशोधनात मराठी नावे आरंभापासून आहेत, आणि त्यांतले पहिले नाव एका चुकलेल्या निदानामुळे लक्षात राहिले आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९११-१२ मध्ये इथे आले आणि हे जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीच्या गावाचे अवशेष असावेत, असे त्यांनी नोंदवले. विटा त्यांना अलीकडच्या घाटाच्या वाटल्या आणि कोरीव मृण्मय वस्तूही दिसल्या नाहीत. पुढे राखालदास बॅनर्जी यांनी १९२२-२३ मध्ये खणायला सुरुवात केली, १९२४ च्या सप्टेंबरात सर्वेक्षणाचे तेव्हाचे महासंचालक जॉन मार्शल यांनी शोध जगापुढे मांडला आणि १९२४-२५ चा हंगाम काशिनाथ नारायण दीक्षित यांनी सांभाळला. हेच दीक्षित पुढे सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. भांडारकरांच्या निदानाची थट्टा करण्याची रीत पडून गेली आहे. ती थोडी अन्यायाची वाटते. पावसाने धुतलेल्या टेकाडाच्या माथ्यावर पक्क्या भाजक्या विटांचा खच पाहून तो चार हजार वर्षांचा आहे असे ओळखायला तुलनेसाठी काळ ठरलेले दुसरे स्थळच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, आणि जुनेपणाची साक्ष देऊ शकणारा अर्धा भाग तर गाळाखाली होता.

त्या खालच्या भागापर्यंत पोचण्याचा प्रत्येक प्रयत्न पाण्याशी अडला. मॅके यांना खोल खड्ड्यात पाणी लागले. १९५० मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पंप लावून खाली जायचा प्रयत्न केला, तरीही अक्षत माती, म्हणजे माणसाचा हात लागण्याआधीची जमीन, त्यांना लागली नाही. डेल्स यांचे बोअर खाली गेले, पण बोअरमधून खापराचे तुकडे, कोळसा आणि विटांचा चुरा एवढेच हाती येते; घर कसे होते, रस्ता होता की नव्हता, हे त्यातून कळत नाही. म्हणून इसवी सनापूर्वी २५०० च्या आसपासचे भरभराटीचे शहर आपल्याला बारकाईने माहीत आहे आणि त्याचा आरंभ जवळजवळ अज्ञात आहे.

याच्या उलट स्थिती कोट दिजीची. मोहेंजोदडोच्या पूर्वेला, नदीपलीकडे, रोहडीच्या टेकड्यांच्या कडेला हे छोटे स्थळ खडकाळ जमिनीवर आहे. १९५५ ते १९५७ दरम्यान एफ. ए. खान यांनी तिथे खणले तेव्हा ते थेट खडकापर्यंत पोचले आणि हडप्पापूर्व काळाचे थर स्वच्छ हाती आले. परिणामी सिंधू संस्कृतीच्या आरंभाची चर्चा करताना कोट दिजीसारख्या लहान गावाचे नाव सतत घ्यावे लागते आणि सर्वांत मोठ्या नगराबद्दल मौन पाळावे लागते. हा फरक त्या दोन वसाहतींच्या महत्त्वातला नाही; एक खडकावर होती आणि एक पूरमैदानात, एवढाच आहे.

धरणाचा सिद्धान्त आणि त्यावरचे आक्षेप

१९६० च्या दशकात जलतज्ज्ञ रॉबर्ट रेक्स यांनी एक मोठा सिद्धान्त मांडला. मोहेंजोदडोच्या टेकाडांवर, आजच्या मैदानाच्या बऱ्याच वर, गाळासारखी चिकण माती सापडते. साधा पूर एवढ्या उंचीवर गाळ टाकू शकत नाही, म्हणून शहराच्या दक्षिणेला सेहवानजवळ भूहालचालींनी जमीन उचलली जाऊन सिंधू अडली असावी, मागे मोठे सरोवर तयार झाले असावे आणि शहर त्यात पुन्हा पुन्हा बुडत राहिले असावे, असे त्यांचे म्हणणे. डेल्स यांनीही हे उचलून धरले. आक्रमकांनी शहर जाळले या तोवरच्या लोकप्रिय कल्पनेला डेल्स जोरदार विरोध करत होते, तेव्हा पर्यायी कारण म्हणून हा पूर हाताशी होता.

ह्यू लॅम्ब्रिक यांनी या सिद्धान्ताला दिलेले उत्तर मला अधिक पटते, आणि त्याचे एक कारण त्यांच्या अनुभवात आहे. ते ब्रिटिश काळात सिंधमध्ये प्रशासकीय अधिकारी होते. सिंधूचे फुटणारे काठ त्यांना कामाचा भाग म्हणून ठाऊक होते. त्यांनी विचारले, की मऊ मातीचा असा बांध सिंधूसारखी नदी वर्षानुवर्षे कशी सहन करील? ती तो कापून काढील. शिवाय टेकाडावरची चिकण माती पुराचीच आहे असे मानण्याचे कारण नाही. कच्च्या विटा पावसात विरघळल्या की अगदी तशीच माती उरते. लॅम्ब्रिक यांच्या मते घडले ते याच्या उलट असावे: वरच्या बाजूला कुठेतरी नदीने वाट बदलली, शहराभोवतालच्या शेतांवर दरवर्षी येणारे पुराचे पाणी आटले आणि नगराला पोसणारा मुलूखच उजाड झाला. शहर पाण्यात बुडण्याऐवजी पाण्यावाचून राहिले असेल, ही शक्यता पूरमैदानाच्या स्वभावाशी जास्त जुळते. तिचाही थेट पुरावा मिळालेला नाही, हे मान्य करूनच मी असे म्हणतो. इसवी सनापूर्वी १९०० च्या सुमारास शहर ओस पडले यामागे मोसमी पावसातील घट, व्यापाराची मोड आणि नगरव्यवस्थेची ढिलाई हीही कारणे सांगितली जातात, आणि ती एकमेकांना वगळणारी नाहीत.

नकाशावरची रिकामी जागा

आता एक पाऊल मागे जाऊन सिंधू संस्कृतीच्या स्थळांचा नकाशा पाहावा. चोलिस्तानच्या वाळवंटात, आज कोरड्या पडलेल्या हाकडा नदीच्या पात्रालगत, रफीक मुघल यांनी १९७४ ते १९७७ या काळात केलेल्या पाहणीत चारशेहून अधिक स्थळे नोंदवली. त्या मानाने सिंधूच्या सक्रिय मैदानावर, जिथे सर्वांत सुपीक जमीन आणि सर्वांत मोठे शहर होते, तिथे ज्ञात स्थळे तुरळक आहेत. आमरीसारखी बरीच तर मैदानाच्या कडेला, डोंगराच्या बाजूने सापडली आहेत.

या नकाशावरून हाकड्याकाठी दाट वस्ती होती आणि सिंधूकाठी विरळ, असा निष्कर्ष काढणारे लेखन आजही दिसते. त्यात एक मूलभूत घोटाळा आहे. हाकडा आटला आणि त्याने गाळ टाकणे थांबवले, म्हणून तिथली खापरे आजही जमिनीवर पडलेली दिसतात. सिंधू आटली नाही. तिच्या मैदानात एखादे गाव दोन-तीन मीटर उंचीचे असेल, तर ते केव्हाच भाताच्या शेताखाली गेले असणार. मोहेंजोदडो दिसते, कारण ते ओट्यांवर चढवलेले होते. त्याच्या भोवतालची खेडी कुणी चढवली नव्हती. विरळ ठिपके इथे वस्तीचा अभाव दाखवत नाहीत, त्या भागातली आपली नजर किती खोल जाते एवढेच दाखवतात.

दुसऱ्या बाजूने, नदीपासून दूर राहण्याचे फायदेही होते. राजस्थानातील कालिबंगन हे सिंधू संस्कृतीचे स्थळ ज्या रुंद खोऱ्यात आहे तिथून सतलज सुमारे ८००० वर्षांपूर्वीच दूर गेली होती, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाळाच्या कालमापनाच्या अभ्यासातून दिसले. हिमालयातली मोठी नदी सोडून गेलेले, पण पावसाळी पाणी अजून वाहणारे सखल खोरे वस्तीसाठी सोयीचे ठरले. पाणी मिळे आणि विध्वंसक पुराची भीती नसे.

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचा अनुभव इथे तुलनेसाठी उपयोगी पडतो. प्रवरेकाठचे जोर्वे आणि नेवासे, घोडनदीकाठचे इनामगाव ही गावे नदीच्या उंच काठांवर होती. दख्खनच्या नद्यांनी त्यांचा जाड गाळ बहुतांशी त्याआधीच्या युगात टाकला होता. नंतर त्या स्वतःच्याच गाळात खोल उतरत गेल्या. आपल्याकडची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडे त्यामुळे गाळाखाली गाडली जात नाहीत. त्यांना ओघळी कापतात, काठ ढासळतो आणि शेतकरी ती माती खत म्हणून गाड्या भरभरून नेतात. इनामगावला १९६८ ते १९८३ अशी उत्खनने करून डेक्कन कॉलेजला एका गावाचा जवळजवळ हजार वर्षांचा इतिहास तळापासून वाचता आला, त्यात त्या संस्थेच्या चिकाटीइतकाच घोडनदीच्या या स्वभावाचा हातभार आहे.

बराजनंतरचे मोहेंजोदडो

१९३२ मध्ये सक्कर बराज, म्हणजे सिंधूवरचा मोठा बंधारा, सुरू झाले आणि कालव्यांनी लारकान्याचा मुलूख भाताखाली आला. उत्खनन सुरू झाले तेव्हा सुमारे साडेसात मीटर खाली असलेले भूजल पुढील दशकांत काही ठिकाणी दीड-दोन मीटरवर येऊन ठेपले. पाणी विटांमधून वर झिरपते, पृष्ठभागाशी सुकते आणि त्यातील क्षार स्फटिक होऊन फुगतात. विटेचा पापुद्रा सुटतो आणि मग तिचा चुरा होतो. जुन्या वाड्याच्या भिंतींना लोणा लागलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच, की इथे शहरच्या शहर लोण्याने खाल्ले जात आहे. शतकानुशतके गाळाने जे जपले, ते उघडे केल्यावर काही दशकांत झडू लागले.

डेल्स यांच्या हंगामानंतर मोठे उत्खनन थांबवले गेले. १९७४ पासून १९९७ पर्यंत युनेस्कोच्या मोहिमेखाली नलकूप खोदून भूजल उतरवणे, नदीच्या बाजूला दगडी धक्के बांधून पात्र दूर ठेवणे आणि भिंतींवर मातीचा लेप देणे अशी कामे झाली. १९८० मध्ये स्थळ जागतिक वारसा यादीत आले. २०१० च्या महापुरात सिंधूकडून धोका होता, २०२२ च्या ऑगस्टमध्ये मात्र नुकसान केले ते आकाशातून पडलेल्या विक्रमी पावसाने, कारण उघड्या भिंतींवरचा लेपच वाहून गेला.

२०१५ मध्ये पाण्याचा वापर न करता बोअर घेऊन जमिनीतल्या थरांचे नमुने काढून शहराची हद्द तपासण्यात आली, तेव्हा वस्ती उघड्या टेकाडांच्या पलीकडे बरीच पसरलेली असल्याचे आढळले. शहराचे क्षेत्र अडीचशे हेक्टर किंवा त्याहून अधिक असावे हा आधीपासूनचा अंदाज त्यामुळे बळकट झाला. असे बोअर टेकाडांच्या परिघाबाहेर, सिंधूच्या जुन्या पात्रांच्या खुणांना आडवे, ओळीने घेतले गेले, तर दोन प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी मिळू शकतील: शहराभोवतीची खेडी किती खोलवर आहेत, आणि त्यांच्यावरचा पहिला गाळ शहर नांदते असताना पडला की ओस पडल्यानंतर. लॅम्ब्रिक यांचे म्हणणे खरे की खोटे, हे बरेचसे त्या दुसऱ्या उत्तरावर अवलंबून आहे.